कुठे जाड, कुठे पातळ

जीपी ५०००, म्हणजे कॉन्टिनेंटलचा ग्रां प्री ५०००, या टायरच्या माहितीत ३/३३० असा एक आकडा दिलेला असतो. दुकानात गिऱ्हाईक वजन विचारतं, किंमत विचारतं, ‘पंक्चर किती होतो’ हेही विचारतं, पण या आकड्याकडे क्वचितच बघतं. माझ्या मते रोड बाईकच्या टायरची निवड इथूनच सुरू करावी. वेगही हवा आणि पंक्चरही नको, ही मागणी वरवर परस्परविरोधी वाटते. तिचं उत्तर एकाच प्रश्नात आहे: टायर कुठे जाड ठेवायचा आणि कुठे पातळ? बनवणाऱ्याने तो प्रश्न कसा सोडवला, ते या आकड्यात लिहिलेलं आहे.

टायर म्हणजे मुळात कापड. रबराचा क्रम त्यानंतर. नायलॉनचे बारीक धागे शेजारीशेजारी मांडून त्यांना रबराचा हात देतात. या पट्टीचा एक इंच मोजला तर त्यात ११० धागे भरतात. पट्टी तिरकी कापलेली असते. तिच्या दोन्ही कडा बीडच्या, म्हणजे रिममध्ये बसणाऱ्या काठाच्या, दोराभोवती वळवून परत मध्यभागी आणतात आणि तिथे त्या एकमेकींवर चढवतात. त्यामुळे रस्त्याला टेकणाऱ्या मधल्या भागाखाली कापडाचे तीन पदर होतात, बाजूंना दोनच राहतात. ११० गुणिले तीन, म्हणून ३३०. काट्याला तोंड द्यायचं तिथे तीन पदर, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात वाकायचं नि सरळ व्हायचं तिथे दोन. एकाच घडीत दोन्ही कामं उरकली. टायरच्या कारागिरीतलं मला सर्वांत आवडणारं स्थळ हेच आहे.

आपल्या जिल्ह्यात पैठणीचं येवला आहे, त्यामुळे बारीक सूत आणि जाडंभरडं सूत यांतला फरक नाशिककरांना वेगळा सांगायला नको. पैठणीचा पदर बोटांत धरला की डोळे मिटूनही कळतं, तसंच टायरचं आहे. इंचाला साठ धाग्यांचा टायर चिमटीत दाबून बघा, तो ताठ राहतो, सोडल्यावर आवाज करत मूळ जागी येतो. ११० धाग्यांचा टायर बोटांखाली निमूट बसतो. फक्त एका बाबतीत टायरचं कापड पैठणीच्या उलट असतं. पैठणीत उभे आणि आडवे धागे एकमेकांत गुंफलेले असतात. टायरमध्ये गुंफण नसते. एका पदरातले सगळे धागे एकाच दिशेने जातात, दुसऱ्या पदरातले त्यांना छेद देऊन जातात, आणि मधे रबराचा पातळ पापुद्रा असतो.

गुंफण काढून टाकण्याची ही सुधारणा वाटते तितकी साधी नाही. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, तेव्हा टायरच्या पोटात विणलेलं किंतान असे. विणीत जिथे धागा धाग्याला ओलांडतो तिथे चाक फिरताना दोघे एकमेकांना घासतात, तापतात आणि शेवटी एकमेकांना कापतात. १८९०च्या दशकात जॉन पामर या अमेरिकन माणसाने वीण काढून टाकली आणि धागे समांतर मांडले. टायर एकदम हलका पळू लागला. आजचा प्रत्येक रेसिंग टायर या कल्पनेवर उभा आहे. टायरमध्ये वेग कुठे असतो असं कुणी विचारलं तर मी रबराकडे बोट दाखवत नाही, या कापडाकडे दाखवतो.

वेग कापडात असतो म्हणजे नेमकं काय? चाक पुढे जाताना टायरचा खालचा भाग सतत दबतो आणि पुन्हा फुगतो. ताशी ३० किलोमीटरच्या वेगात हे प्रत्येक बिंदूशी सेकंदाला चार वेळा होतं. दबताना तुमच्या पायातली जी ताकद टायरमध्ये जाते ती सगळी परत मिळत नाही, काही भाग आतल्या आत उष्णता होऊन संपतो. यालाच रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. जितकं द्रव्य जास्त, जितकं ते ताठ, तितकी चोरी मोठी. आकड्यांत सांगतो. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो वजन, सपाट रस्ता, ताशी ३० किलोमीटर वेग. चांगल्या रेसिंग टायरचा गुणांक ०.००४ धरला तर दोन्ही टायर मिळून साधारण २८ वॅट खातात. जाड, कडक टायरचा ०.००६ धरला तर ४२ वॅट. फरक १४ वॅटचा. दिवसभर दीडशे वॅटच्या आसपास टिकणाऱ्या माणसासाठी ही जवळजवळ दहा टक्के ताकद झाली. २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेरीला, निघाल्यावर दहा टक्के ताकद कुणी पहाटेच काढून घेतली तर शेवटच्या चढावर तिची आठवण होते.

कापडाच्या वर आणि रबराच्या खाली एक अरुंद पट्टा असतो. जीपी ५००० मध्ये तो व्हेक्ट्रानचा आहे. व्हेक्ट्रान हा द्रव-स्फटिक पॉलिमरपासून कातलेला धागा. तो ताणाला अत्यंत चिवट असतो, आणि सायकलस्वाराच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे कापायला अवघड असतो. १९९७ मध्ये नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं ते फुगवलेल्या पिशव्यांवर उड्या मारत. त्या पिशव्या व्हेक्ट्रानच्या होत्या. अणकुचीदार दगडांवर आदळून फुटू नयेत म्हणून हा धागा निवडला होता, आणि सिन्नरच्या माळावरून सायकल नेताना आपली गरज तीच असते. या पट्ट्याचं मला कौतुक वाटतं ते तो जिथे थांबतो त्यासाठी. तो फक्त मधल्या भागाखाली आहे, बाजूंना नाही. तो पुढे बाजूंपर्यंत नेला असता तर टायर अधिक राकट झाला असता, पण वाकायचा विसरला असता.

मग रबर. इथे एक खरी अडचण आहे. जे रबर दबल्यावर सगळी ताकद परत देतं ते वेगवान, पण ओल्या रस्त्यावर घसरतं. जे रबर ताकद आत जिरवतं ते रस्त्याला चिकटतं, पण मंद असतं. दोन्ही एकत्र कसं साधायचं? उत्तर असं, की दोन्ही कामं वेगवेगळ्या गतीने होतात. चाक फिरताना टायर सेकंदाला चार-पाच वेळा दबतो. पण वळणावर टायर किंचित सरकतो तेव्हा डांबरातल्या खडीचे दाणे त्याच्या पृष्ठभागाला सेकंदाला हजारो वेळा ढोसतात. रबरात मिसळायची काजळी आणि सिलिका यांची निवड अशी करायची, की संथ दबण्याला रबराने उदारपणे परतफेड करावी आणि जलद ढोसण्याला सगळं जिरवून टाकावं. कॉन्टिनेंटल या मिश्रणाला ब्लॅकचिली म्हणतं आणि ते जर्मनीतल्या कोरबाखच्या कारखान्यात करतं. टायर नवा असताना अंगठ्याने चोळून बघा, बोट सरकायला कुरकुर करतं.

या टायरचा मधला भाग जवळजवळ सपाट आहे, नक्षी नाही. खांद्यांवर बारीक रेघोट्या आहेत तेवढ्याच. पावसात नक्षी नसली तर पाण्यावर तरंगून घसरेल, अशी भीती अनेकांना वाटते. ती मोटारीच्या टायरवरून आलेली आहे. मोटारीचा टायर रुंद आणि कमी दाबाचा असतो, त्याखाली पाणी अडकतं. सायकलचा टायर अरुंद, दाब दुपटीहून जास्त. पाण्यावर तरंगायला ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग लागेल. त्र्यंबकच्या पावसात नक्षीचा उपयोग होत नाही, रबराचा होतो. नक्षीच्या खाचांत मात्र खडीची कच जाऊन बसते आणि हळूहळू आत रुतते. टायरचा मधला पट्टा गुळगुळीत असणं हीदेखील पंक्चरपासूनची राखण आहे.

मधल्या भागात दोन बारीक खळगे असतात. ते झीज सांगतात. खळगे दिसेनासे झाले की टायर संपला. टायर चौकोनी होईपर्यंत, कापडाचे धागे दिसेपर्यंत चालवणारे लोक आहेत, आणि पंक्चरबद्दल सर्वांत मोठ्याने तक्रार तेच करतात.

आता शत्रूकडे येऊ. नाशिक जिल्ह्याचे सायकलसाठी दोन भाग पडतात. पश्चिमेला त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, पेठ: डोंगर, घाट, पावसाळ्यात धो धो पाणी. पूर्वेला सिन्नर, येवला, नांदगाव: कोरडा मुलूख, उघडे माळ, रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ. दोन्हीकडे पंक्चर होतात, पण दोन्हीकडचे पंक्चर एक नव्हेत.

पूर्वेकडचा मुख्य शत्रू काटा. त्यातही सराटा. गोखरू म्हणून दशमुळांत जो जातो तोच. त्याचं फळ वाळलं की पाच तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्याला असे काटे असतात की तो कसाही पडला तरी एक तरी काटा वर बघतो. या वनस्पतीच्या पंक्चर करण्याच्या क्षमतेबद्दल मला एक विलक्षण आदर आहे. अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या वाळवंटी राज्यांत ही वनस्पती परदेशातून गेली आणि तिथल्या सायकलस्वारांनाही तिने सळो की पळो केलं. उलट आपल्या माळावर माजलेली वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली, १९व्या शतकात इकडे आणलेली. दोन खंडांनी एकमेकांना काटे दिले. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांचा संघ करून रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली, असं करणारा हा पहिला भारतीय संघ. ती शर्यत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून निघून अ‍ॅरिझोनातून जाते. म्हणजे ओळखीच्या काट्यांच्याच प्रदेशातून.

बाभळीचा काटा सराट्यापेक्षा लबाड असतो. तो आत शिरतो आणि टोक मोडतं. वरचा भाग गळून पडतो, टोक कापडाच्या पदरांत राहतं. पंक्चर काढला, ट्यूब घातली, दहा किलोमीटरने पुन्हा हवा गेली, असं झालं की टोक आत आहे हे समजावं. ते शोधायला बोट फिरवतात, पण बोटाला ते लागत नाही किंवा फार जोरात लागतं. कापसाचा बोळा टायरच्या आतून हळू फिरवावा. जिथे तंतू अडकतो तिथे काटा. मग टायर उलटा वाकवून, बाहेरची बाजू आत करून धरला की टोक वर येतं आणि चिमट्याने किंवा नखाने निघतं. टायर बसवताना त्यावरचं नाव नेहमी व्हॉल्व्हच्या समोर ठेवायचं ते यासाठीच. ट्यूबमध्ये भोक कुठे आहे ते कळलं की टायरवर कुठे बघायचं ते लगेच सापडतं.

पट्टा काट्याला अडवतो, बहुतेकदा. तारेला मात्र अडवत नाही. मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेने जाताना ट्रकच्या फुटलेल्या टायरांच्या चिंध्या पडलेल्या दिसतात. ट्रकच्या रेडियल टायरमध्ये पट्टा पोलादाचा असतो, आणि त्या पोलादी दोरातली एकेक तार पाव मिलिमीटरच्या आसपास असते. ती सुटी होऊन रस्त्याच्या कडेला येते, जिथे सायकल चालते. इतकी बारीक तार व्हेक्ट्रानच्या दोन धाग्यांमधून वाट काढून आत जाते, धागा कापावाच लागत नाही. सातपूरला सीएटचा टायरचा कारखाना आहे, तिथून त्र्यंबक रस्त्याने जाताना मला नेहमी वाटतं की धाग्याने टायर बांधायची ही विद्या ट्रकसाठी पोलादात आणि सायकलसाठी व्हेक्ट्रानमध्ये गेली, आणि रस्त्यावर दोघांची गाठ पडते तेव्हा पोलाद जिंकतं. तारेवर उपाय टायरमध्ये नाही. महामार्गाची कड सोडून पांढऱ्या पट्टीच्या शक्य तितकं जवळ राहणं, आणि घरी आल्यावर टायर हाताने फिरवून बघणं, हे दोनच उपाय.

पश्चिमेकडचं दुखणं वेगळं. ओलं रबर सहज कापलं जातं. पाणी काचेला आणि खडीच्या कचेला वंगणासारखं मदत करतं. शिवाय पावसाचं पाणी बाजूची सगळी घाण रस्त्यावर आणून टाकतं. आणि खड्डे. घाटात पाण्याने भरलेला खड्डा खोल किती ते कळत नाही. चाक आदळतं, ट्यूब रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटली जाते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. इथे व्हेक्ट्रान, पॉलिएस्टर, काहीही असो, उपयोग नाही. इथे टायरमधली हवाच तुमचं संरक्षण आहे, आणि हवा जास्त हवी तर टायर रुंद हवा.

म्हणून रुंदीबद्दल माझं मत ठाम आहे. नाशिकच्या रस्त्यांवर २३ मिलिमीटरचा टायर आता घालू नये. २५ चालेल, पण २८ घ्यावा, फ्रेममध्ये आणि ब्रेकमध्ये जागा असेल तर. अरुंद टायर वेगवान ही समजूत जुनी आहे. सारख्या दाबाला रुंद टायरचा रस्त्याला टेकणारा भाग आखूड आणि रुंद होतो, अरुंद टायरचा लांबट होतो. लांबट भागात टायर जास्त वाकतो, आणि वाकण्यात ताकद जाते. पण २८ चा टायर घेऊन त्यात ११० पीएसआय भरणारे लोक मी बघतो तेव्हा वाईट वाटतं. कडक टायर रस्त्यावर उड्या मारतो आणि प्रत्येक उडीत स्वाराला वर उचलतो. ती ताकदही तुमचीच असते. ७० किलोच्या माणसाने २८ च्या टायरमध्ये मागे ७५, पुढे ७० च्या आसपास ठेवून बघावं. तेवढ्या दाबाला मागचं चाक अवघ्या आठ-साडेआठ चौरस सेंटिमीटरवर उभं असतं. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: पहाटे २० अंशांत ८० पीएसआय भरलेला टायर दुपारी ४५ अंशांपर्यंत तापला तर दाब ८८ च्या घरात जातो. चैत्र-वैशाखात पहाटे थोडी कमी हवा भरून निघावं.

आता दुसरे टायर. कॉन्टिनेंटलचाच गेटरस्किन नाशिकमध्ये बरेच जण घालतात, कारण त्याचं नाव पंक्चरशी जोडलेलं आहे. त्यात पॉलिएस्टरचा घट्ट विणलेला पट्टा आहे आणि बाजूंना ड्युरास्किन नावाची जाळी आहे. कापड इंचाला १८० धाग्यांचं, तेही तीन पदर मिळून. टायर प्रामाणिक आहे, टिकतो. पण ओल्यात तो पकड सोडतो हे मान्य करायला हवं, आणि पश्चिम घाटाच्या उतारावर ही लहान गोष्ट नाही. सहा महिने कोरड्यात सराव करणाऱ्याने घ्यावा. श्वाल्बेचा मॅरेथॉन प्लस पूर्ण पाच मिलिमीटर जाडीचा रबरी थर घेऊन येतो. काटा त्यात पोचायच्या आधीच थकतो. वजन अर्ध्या किलोच्या वर जातं. सामान लादून देशभर हिंडणाऱ्याला याहून भला सोबती नाही, पण तो रोड बाईकला घालणं म्हणजे तिला तिचं काम करू न देणं. दुसऱ्या टोकाला व्हितोरियाचा कोर्सा, सुती धाग्याच्या कापडाचा. चालवताना त्याच्यासारखा मऊपणा दुसऱ्या कुठल्या टायरमध्ये मला आढळला नाही. ओल्या हवेत सुताची निगा जास्त राखावी लागते, आणि बाजू फार नाजूक. तो शर्यतीच्या दिवसासाठी.

या सगळ्यांमधे मला नाशिकसाठी सर्वांत शहाणा वाटणारा टायर आहे जीपी फोर सीझन. कापड जीपी ५००० सारखंच, ३/३३०. त्यात व्हेक्ट्रानचे दोन पट्टे, बाजूंना ड्युरास्किनची जाळी, आणि रबर थंडी-पावसात पकड राहील असं. तो जीपी ५००० इतका पळत नाही. जाळी आणि दुसरा पट्टा आपली किंमत घेतातच. पण पळायची बुद्धी त्यात शाबूत आहे, कारण खालचं कापड तेच बारीक आहे. गेटरस्किन आणि फोर सीझन दोन्हींत जाळी आहे, दोन्हींत पट्टा आहे. फरक खालच्या कापडात आहे, आणि तो फरक प्रत्येक फेऱ्याला जाणवतो.

ट्यूबलेसबद्दल दोन शब्द. काट्यांच्या मुलखात आत द्रव भरलेला ट्यूबलेस टायर उत्तम काम करतो. सराट्याचं भोक बुजतं आणि स्वाराला कळतही नाही. जीपी ५००० चा ट्यूबलेस भाऊ म्हणजे एस टीआर, त्यात पदर दोनच ठेवले आहेत, २/२२०, कारण राखणीचं अर्धं काम द्रवाकडे दिलं. पण आपल्या उन्हाळ्यात तो द्रव लवकर वाळतो; दर दोन महिन्यांनी बघायची तयारी असेल तरच या वाटेला जावं. रिम हुकलेस, म्हणजे कडेला आतून आकडी नसलेली, असेल तर ७२.५ पीएसआयच्या वर जायचं नाही, हेही पाठ असावं.

शेवटी निवड ठरते ती एका साध्या प्रश्नावर: पंक्चर झाला तर काढणार कोण? १८९१ मध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही शर्यत शार्ल तेरोंने जिंकली ती मिशेलिनच्या काढता-घालता येणाऱ्या टायरवर. तोवर टायर रिमला चिकटवलेला असे आणि पंक्चर म्हणजे तासन्‌तासांचं काम असे. पुढच्याच वर्षी मिशेलिनने पॅरिस ते क्लेरमाँ अशी शर्यत घेतली आणि टायर किती पटकन निघतो ते दाखवायला रस्त्यावर खिळे पसरवले. रेस अ‍ॅक्रॉस अमेरिकेत मागे गाडी असते, दुसरं चाक तयार असतं. नाशिकच्या लष्करी डॉक्टरांनी, लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी, २०१७ मध्ये ती शर्यत एकट्याने पूर्ण करणारा पहिला भारतीय होण्याचा मान मिळवला, तेव्हाही चमूची गाडी होतीच. तिथे सर्वांत वेगवान टायर घालणं योग्य. बीआरएममध्ये मात्र कंट्रोलखेरीज, म्हणजे हजेरीच्या ठिकाणांखेरीज, बाहेरची मदत घ्यायची नसते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास, आणि रात्री दोन वाजता चांदवडच्या अलीकडे टायर बसला तर तुम्ही आणि तुमची बॅटरी. आषाढीच्या आधी नाशिक-पंढरपूर सायकल वारीला निघणाऱ्यांचंही तेच, त्यातून पाऊस. तिथे पंधरा मिनिटांचा एक पंक्चर टायरने वाचवलेल्या वॅटांचा बराचसा हिशेब पुसून टाकतो.

गावोगावचे पंक्चरवाले मदत करतात, जीव लावून करतात, पण त्यांच्या कॉम्प्रेसरचं तोंड रोड बाईकच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला बसत नाही. वीस-तीस रुपयांचा पितळी अडॅप्टर व्हॉल्व्हवरच लावून ठेवावा. तो नसला तर हवेने भरलेल्या दुकानासमोर हवेविना उभं राहायची वेळ येते.

तेव्हा माझा निवाडा. कोरड्या ऋतूत, ऑक्टोबर ते मे, दोन्ही चाकांना जीपी ५०००, २८ मिलिमीटर. जूनपासून मागे फोर सीझन. पंक्चर मागच्या चाकाला जास्त होतात, वजन तिथे जास्त असतं आणि पुढच्या चाकाने उडवलेला काटा त्याच्याच वाट्याला येतो. ज्यांना एकच जोडी वर्षभर चालवायची आहे त्यांनी डोळे मिटून फोर सीझन घ्यावा. दर आठवड्याला हवा कमी करून टायर वाकवून बघा आणि रुतलेली कच सुईने काढा. बरेचसे पंक्चर एका दिवसात होत नसतात, कच फेऱ्याफेऱ्याने आत जात असते. आणि मागचा टायर झिजला की नवा टायर मागे घालू नका. पुढचा जुना टायर मागे घ्या, नवा पुढे घाला. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं तर येत नाही.